गंगाबाईंचं काळं बोट

बडोद्यात त्या काळी माणसं ओळखायच्या नाना खुणा होत्या. कुणी पगडीवरून ओळखू येई, कुणी बग्गीच्या घोड्यावरून. रावपुऱ्यातल्या एका पोळात, म्हणजे गल्लीत, राहणाऱ्या गंगाबाई ओळखू येत त्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावरून. ते बोट बारा महिने काळं. सणावाराला हातभर बांगड्या भरल्या, मेंदी काढली, तरी ते एक बोट काळं ते काळंच. लग्नाच्या पंगतीत त्या वाढायला उभ्या राहिल्या की नवख्या बायका ताटावर हात आडवा धरत, आणि जुन्या बायका हसून सांगत, "घ्या हो निर्धास्त. गंगाबाईंचं बोट आहे ते. तुमच्या नवऱ्याच्याही डोळ्यांतून फिरलंय लहानपणी."

फिरलंच असणार. दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत कुठल्याही मराठी घरात मूल जन्मलं की पाचवीच्या पूजेला पहिलं काजळ गंगाबाईंचं, हे ठरूनच गेलं होतं. गुजराती शेजारणीही "गंगाबा, अमारे त्यां आवजो हं" म्हणून हाताला धरून नेत. पैशाला त्या शिवत नसत. खण आणि नारळ घेत, आणि मान मात्र सावकारी व्याजासकट वसूल करत. पाटावर बसवलं पाहिजे, आधी सरबत विचारलं पाहिजे, आणि बाळाच्या आत्यानं मध्ये तोंड घालता कामा नये.

काजळ करायची त्यांची रीतही मोठी कडक. माक्याच्या रसात भिजवून वाळवलेल्या कापडाची वात, गाईच्या तुपाचा दिवा, दोन विटांवर पालथी घातलेली तांब्याची ताटली. दिवा शांत झाला की ताटलीला धरलेली काजळी खरवडून घ्यायची आणि थंड पाण्यात पुन्हापुन्हा धुतलेल्या लोण्यात घोटायची. घोटताना बोलायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःच केला होता. सुभानराव म्हणत, "बायको गप्प बसते ती तेवढीच वेळ. पोळातली सगळी पोरं घारी जन्मोत, म्हणजे हिला रोज घोटायला लागेल." सुभानराव म्हणजे त्यांचे यजमान. सरकारी पागेत घोड्यांची उस्तवार करण्यात उमर गेली, आता पेन्शन घेऊन झोपाळ्यावर बसत. बोलत कमी, पण बोलत ते बरोबर लागेल तिथं लागे.

तर हा घारेपणाचाच सगळा घोळ होता. आपल्याकडं बहुतेक मुलं काळेभोर डोळे घेऊनच येतात. पण मधूनच एखाद्या घरात बाळ डोळे उघडतं आणि बघावं तर ते राखाडी, निळसर, धूर भरल्यासारखे. झालं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर कुजबुज सुरू. कुणावर गेलं गं? आमच्यात तर कुणी घारं नाही. मग सुनेच्या माहेरचा उद्धार व्हायचा. अशा वेळी गंगाबाईंना तातडीचं बोलावणं जाई. त्या येत, बाळाच्या पापण्या दोन बोटांनी फाकवून पाहत आणि ठणकावून सांगत, "माझं काजळ घाला. वर्ष फिरायच्या आत जांभळासारखे काळे झाले नाहीत तर नाव बदलीन."

आणि खरंच व्हायचे की हो. महिन्या-महिन्याला धूर विरत जाई, तपकिरी उतरे, आणि उष्टावणाच्या वेळेला बाळ टुकूटुकू काळ्या डोळ्यांनी बघायला लागे. घरचे हरखून जात. गंगाबाईंना आणखी एक खण मिळे. एखाद्या मुलाचे नाहीच झाले काळे, तर त्याचंही कारण त्यांच्यापाशी तयार असे. आईनं दही खाल्लं असेल. तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसली असेल. नाहीतर त्या चोंबड्या आत्यानं दृष्ट लावली असेल. "नाचता येईना, अंगण वाकडं," झोपाळ्यावरून सुभानराव म्हणत, आणि गंगाबाईंना ऐकू येत नसे.

पण कुणी त्यांना लबाड म्हणाल, तर तसं नव्हतं. बाईचा स्वतःच्या काजळावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. आणि घाऱ्या डोळ्यांवर राग होता, त्याला कारण होतं.

गंगाबाई रांगत होत्या तेव्हाच त्यांची आई गेली. मावशीनं वाढवलं. आईचा फोटो नव्हता. त्या काळी फोटो काढायचे सरदारांनी. आई उंच होती की ठेंगणी, बोलायची कशी, हसायची कशी, हे त्या पोरीला कधी कुणी सांगितलं नाही. एकच गोष्ट सगळे सांगत, "घारी होती. घारी बाई घराला लाभत नाही." गल्लीतली पोरं चिडवत, "घारीचं पिल्लू, घारीचं पिल्लू." मग ही पोर घरात येऊन मावशीच्या आरशात स्वतःचे डोळे तपासून बघे. ते काळेच होते, पण रात्रीत बदलले तर? लग्न होऊन आल्यावर एकदाच हे सगळं त्यांनी सुभानरावांना सांगितलं होतं, आणि पुन्हा तो विषय काढू दिला नव्हता. आपला हात फिरेल त्या एकाही पोरीला कुणी घारी म्हणू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. सगळा तोरा होता तो या एका गोष्टीवर उभा होता.

महाराजांच्या हीरक महोत्सवाच्या आदल्या साली, दसरा झाल्यावर, गंगाबाईंची सून उषा बाळंत झाली. उषाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच केलं. मुलगी झाली. गंगाबाईंनी न्हाऊमाखू घातलं, दुपट्यात गुंडाळलं, खिडकीपाशी नेऊन कौतुकानं चेहरा पाहिला. पोरीनं डोळे उघडले. राखाडी.

गंगाबाई दोन क्षण गप्प राहिल्या. घोटायला न बसता त्या गप्प राहिलेल्या सुभानरावांनी पहिल्यांदाच पाहिल्या.

"कुणावर गेली?" त्यांनी मुद्दामच विचारलं.

"कुणावर गेलेली नाही. अजून कुठं जायची तिला घाई आहे?" गंगाबाईंनी बाळाला सुनेच्या कुशीत ठेवलं आणि तडक ताटली घासायला घेतली.

पोरीचं नाव शैला ठेवलं. आणि योगायोग बघा, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात, सरोजिनीला, चारच दिवस आधी मुलगा झाला होता. तिचा नवरा लक्ष्मीकांत कॉलेजात शिकवायचा. मुलाचं नाव आनंद, आणि त्याचेही डोळे तस्सेच, धूर भरलेले. गंगाबाई पाचवीला डबी घेऊन गेल्या, तर सरोजिनी हात जोडून म्हणाली, "काकू, रागावू नका. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाळाच्या डोळ्यांत काही घालायचं नाही. डोळे येतात त्यानं. तुम्ही हवं तर गालाला लावा."

आता सांगा, पाचवीच्या पाटावर बसलेल्या बाईला असं कुणी बोलतं? गंगाबाईंनी डबीचं झाकण लावलं. "राहू दे मग तुझा घारा," त्या म्हणाल्या. "माझ्याही घरी एक आलीय. होळीला दोघांना ओट्यावर आणू. बघेल की सगळा पोळ." आणि सरबत न घेता निघून आल्या.

बस, पोळातल्या बायकांना तेवढंच हवं होतं. त्या हिवाळ्यात पापडाच्या लाट्या करताना, तांदूळ निवडताना, नळावर घागर भरताना, दुसरा विषय नाही. एकीला गंगाबाईंची खात्री, दुसरीला डॉक्टरणीची. येताजाता कुणी शैलाच्या पाळण्यात डोकावे, कुणी आनंदच्या. गंगाबाईंनी काजळ सकाळचं होतं ते सकाळ-संध्याकाळ केलं. सुनेचं दही बंद केलं. उंबऱ्यात बसणं बंद केलं. चोंबड्या आत्याचा प्रश्नच नव्हता, शैलाचा बाप वसंत त्यांचा एकुलता एक.

संक्रांतीनंतर आनंदच्या डोळ्यांत बाहुलीभोवती बारीक तपकिरी कडं उमटलं. शैलाच्याही उमटलं, मधाच्या रंगाचं. गंगाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. पण पुढं काय झालं म्हणाल, तर आनंदचं कडं पसरत गेलं, गडद होत गेलं, आणि शैलाचं आपलं तिथंच राहिलं. बाहेरचा धूर मात्र तिच्याही डोळ्यांतून गेला, आणि खालून हिरवट, स्वच्छ, पाण्याखाली शेवाळ दिसावं तसा रंग वर आला. होळीला ओट्यावर दोन्ही मुलं आली. काजळाचं बोटही न लागलेला आनंद काळाभोर, आणि दोन्ही वेळ काजळ ल्यालेली शैला घारी. लख्ख घारी.

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. काही तर पदर न घेताच हसल्या. "गंगाबाई, चुकून शेजारच्या पाळण्यात घालत होतात की काय हो?" एकीनं विचारलं.

गंगाबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. "माझा दिवा परसात लागतो," त्या म्हणाल्या, "आणि सरोजिनीची खिडकी परसात उघडते. धूर जातो तिकडं. त्या धुरानंच झाले आनंदचे काळे."

"अस्सं," झोपाळ्यावरून आवाज आला. "आणि आपला पाळणा त्याच परसाच्या दारात असतो, तिथून धूर पाय न वाजवता जातो वाटतं?"

त्या दिवशी सुभानरावांच्या पानात पुरणपोळी पडली, तूप पडलं नाही.

हसण्यावारी गेलं असतं, तर गेलं असतं. पण गंगाबाईंच्या नावाला गालबोट लागलं होतं, आणि दुसऱ्यांची दृष्ट काढणाऱ्या बाईला स्वतःच्या गालावरचं बोट कसं पुसायचं ते कळेना. दांडिया बाजारातल्या एका घरी नातू झाला, पाचवीचं बोलावणं आलंच नाही. मग दुसऱ्या घरचंही नाही. गंगाबाई तोंडानं म्हणत, "बरंच झालं, गुडघे दुखतात." आणि सगळी कसर शैलावर काढत. काजळ आता तीन वेळा. मांडीवर आडवं घ्यायचं, डोकं गुडघ्यात दाबायचं, पापणी ओढायची, बोट फिरवायचं. पोरीचे डोळे लाल होत, पाणी वाहे. उषा दाराआड उभी राहून पदराचं टोक पिळत बसे. सासूला कोण बोलणार?

शेवटी एका दुपारी सरोजिनीच आली. तिला भांडायचं नव्हतं; आनंदच्या उष्टावणाचे पेढे घेऊन आली होती. शैलाचे लाल डोळे पाहून मात्र तिला राहवलं नाही. "काकू, मी सांगू का?" ती म्हणाली. "मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या डोळ्यांत रंग पुरता भरलेलाच नसतो. बाहेर उजेडात आलं की पुढं वर्षभर हळूहळू भरतो. ज्याच्या वाट्याला जास्त आलाय त्याचे काळे होतात, कमी आलाय त्याचे घारे राहतात. काजळानं चढत नाही आणि दह्यानं उतरत नाही."

"मेंदीसारखं आहे म्हणा," सुभानराव म्हणाले. "सगळ्या पोरी एकाच वाटीतली लावतात. एकीची रंगते, एकीची नाही."

"आणि हा वाटा देतो कोण?" गंगाबाईंनी तोंड वाकडं करून विचारलं.

"मागचे. आजोबा, पणजी, कुणीही. कधीकधी मधल्या दोन पिढ्यांत काही दिसत नाही आणि एकदम नातवंडांत वर येतं. आई-बाप दोघांच्याही घरात कुणीतरी असावं लागतं बहुधा."

"माझी आजी घारी होती," उषा दाराआडून हळूच म्हणाली. इतक्या महिन्यांत ती या विषयावर पहिल्यांदा बोलली.

"बघ," गंगाबाई म्हणाल्या. "तुझ्याकडचंच आहे. आमच्यात कुणी..." आणि थांबल्या. झोपाळा थांबला होता. सुभानराव त्यांच्याकडं बघत होते, नेहमीसारखं चेष्टेनं नव्हे. गंगाबाईंनी नजर वळवली आणि डबी उचलली. दुपारची वेळ झाली होती.

शैला चटईवर लाकडी बैलाचं शिंग चोखत बसली होती. आता तिला बसता येत होतं. गंगाबाई समोर जाऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढं केला. पोरीनं ते काळं बोट पाहिलं. बैल खाली टाकला, दोन्ही मुठी वळल्या, आणि डोळे गच्च, अगदी गच्च मिटून घेतले. रडली नाही. मान खाली घालून नुसती वाट बघत बसली.

"हे काय करते ही?" गंगाबाई म्हणाल्या.

उषा दाराआडून पुढं येऊन म्हणाली, "सासूबाई, ती तुम्हाला पाहिलं की असंच करते. मामंजींकडं बघते, आनंदकडं बघते, खारीकडंसुद्धा बघते. तुम्ही आलात की मिटते."

गंगाबाईंचा हात तसाच राहिला. रोज तीन वेळा त्या या डोळ्यांत डोकावत होत्या. रंग किती चढला, किती उतरला, सगळं त्यांना पाठ होतं. पण या पोरीनं आपल्याकडं एकदाही पाहिलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. असं वाटलं, की लहानपणी गल्लीतल्या ज्या पोरांना आपण भ्यायचो, तीच पोरं आता आपण झालो. आपल्याच अंगणात उभं राहून आपल्याच नातीला घारी घारी म्हणून चिडवत राहिलो, बोटानं.

त्या उठल्या आणि मोरीवर गेल्या. राखेनं बोट घासलं, शिकेकाईनं घासलं, लिंबाची फोड घेऊन घासलं. सरोजिनी म्हणाली, "काकू, साल निघेल." इतक्या वर्षांचं काजळ ते, नखाच्या कडेला आणि कांड्यांच्या रेघांत राहिलंच. मग त्यांनी ते बोट पदरात गुंडाळून घेतलं, चटईपाशी येऊन बसल्या, आणि डावा हात रिकामा पुढं ठेवला.

शैलानं आधी एक डोळा किलकिला केला. हात तपासला. मग दुसरा उघडला. मग मान वर करून आजीच्या तोंडाकडं पाहिलं, नीट, निवांत, नवीन माणसाकडं बघावं तसं. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं आणि ते डोळे मधासारखे मध्ये पिवळे आणि कडेनं हिरवे दिसत होते.

"असे होते होय," गंगाबाई म्हणाल्या.

"कुणाचे?" सरोजिनीनं विचारलं.

गंगाबाईंची नजर शैलाच्या डोळ्यांवरच होती. साठीला आलेली बाई, आयुष्यभर एकच शब्द ऐकत आली होती, घारी, घारी. आणि तो शब्द दिसतो कसा ते आज पहिल्यांदा बघत होती. किती सुंदर होते. कुणी सांगितलं कसं नाही? शैलानं हात लांब करून त्यांच्या नाकातली नथ धरली आणि ओढली, तशा त्या रडत रडत हसायला लागल्या. सुभानरावांनी झोपाळ्याला पाय दिला. "आल्या का सासूबाई आमच्या," ते म्हणाले. "फार दिवस लावले."

त्यानंतर गंगाबाईंनी काजळ सोडलं असं समजू नका. ताटली परसात लागतच राहिली. बोलावणीही हळूहळू परत यायला लागली, कारण सरोजिनी स्वतः घरोघर सांगे की काकू आता फक्त गालाला आणि तळपायाला लावतात. कुणी डोळ्यांचा रंग विचारला तर गंगाबाई म्हणत, "वर्षभर थांबा. भरायचा तेवढा भरेल. आणि नाही भरला तर मला बोलवा, मी बघायला येईन." सरबत मात्र अजून आधीच विचारावं लागे.

हीरक महोत्सवाची रोषणाई झाली तेव्हा सगळं बडोदं सूरसागराच्या काठावर लोटलं होतं. दिवेलागणीला गंगाबाई नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या, मागं सुभानराव. शैलाच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट होती आणि डोळे कोरे. पाण्यातले दिवे बघून तिनं ते एवढे मोठे केले होते. शेजारची एक अनोळखी गुजराती बाई वाकून कौतुकानं म्हणाली, "केवी सरस छोकरी, पण आंख तो मांजरी छे. रावपुरामां एक गंगाबा छे, एनुं काजळ लगाडो. काळी थई जशे."

सुभानरावांना ठसका लागला.

गंगाबाईंनी मागं वळून त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग त्या बाईला आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत, मध्ये मराठी घालून म्हणाल्या, "गंगाबानुं काजळ कंई कामनुं नथी, बेन. मी लावून बघितलंय. आणि काळे करायचे कशाला? आ तो मारी बानी आंख छे. माझ्या आईचे डोळे आहेत हे."

आणि त्या बाईला नीट दिसावेत म्हणून त्यांनी नातीला दिव्यांकडं वळवून धरलं.